द्राक्षांच्या शीतगृहातील सेन्सर जाळे: भरवशाचे चॅनल निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्ष निर्यात पॅकहाउसचे आहे. संस्थेचे नाव, नेमके ठिकाण आणि यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीची ओळख येथे दिलेली नाही.

जानेवारी ते एप्रिल या हंगामात बागेतून तोडलेला माल क्रेटमधून येथे येतो. त्याची निवड आणि पेटीबंद भरणी झाली की तो प्रीकूलिंगच्या (साठवणीपूर्वी माल झटपट थंड करण्याच्या) खोल्यांत जातो, आणि मण्यांचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यावर शीतगृहात ठेवला जातो. शीतगृहात तापमान ० ते १ अंश आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखायची असते. तापमान फार खाली गेले तर मणी गोठतात आणि वर गेले तर देठ सुकतात. शिवाय परदेशातील खरेदीदार कंटेनरसोबत तापमानाची सलग नोंद मागतात, आणि त्या नोंदीत खंड दिसला की माल कितीही चांगला असला तरी प्रश्न विचारले जातात.

पूर्वी ही नोंद कर्मचारी दर तासाला वहीत करत असत. त्याऐवजी बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस सेन्सरचे जाळे बसवण्यात आले. हे सेन्सर आयईईई ८०२.१५.४ या, कमी शक्तीच्या रेडिओंसाठीच्या मानकावर, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारे होते. दर पाच मिनिटांनी प्रत्येक नोडने (रेडिओ जोडलेल्या सेन्सरने) एक नोंद पाठवायची आणि माल चढवण्याच्या धक्क्यालगतच्या कार्यालयात भिंतीवर बसवलेल्या गेटवेने (सर्व नोंदी गोळा करणाऱ्या उपकरणाने) ती घ्यायची, अशी साधी रचना होती. संपूर्ण जाळे एकाच चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातील एकाच ठरलेल्या वारंवारतेवर होते.

त्या चॅनलची निवड हा या प्रकरणातील पहिला निर्णय. या मानकात २.४ गिगाहर्ट्झमध्ये ११ ते २६ क्रमांकांचे सोळा चॅनल आहेत. ११ वा २४०५ मेगाहर्ट्झवर, तर २६ वा २४८० मेगाहर्ट्झवर असून दोन चॅनलमधले अंतर ५ मेगाहर्ट्झ आहे. वाय-फायचा एकेक चॅनल सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असल्याने तो यांतले चार चॅनल एका दमात झाकतो. वाय-फाय १, ६ आणि ११ वर असेल तर सेन्सरसाठी १५, २०, २५ आणि २६ हे चॅनल मोकळे राहतात, हा ठोकताळा या क्षेत्रातील जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतो. यंत्रणा बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ऑक्टोबरमध्ये गेटवेजवळ लॅपटॉप ठेवून ऊर्जा-मापनाचा स्कॅन चालवला, २५ वा चॅनल शांत दिसला, ठोकताळ्यातही तो बसत होता, म्हणून तोच कायम केला गेला.

अडचण

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकही तक्रार आली नाही. जानेवारीत माल सुरू झाला आणि नोंदींत भोके पडू लागली. काही नोडच्या सलग अर्ध्या-पाऊण तासाच्या नोंदी गायब होत, मग पुन्हा सुरळीत येत. शीतगृहाच्या पर्यवेक्षकाने एका वाक्यात सांगितलेले निदान पुढच्या तपासाला फार उपयोगी पडले: “साहेब, रात्री एकही रीडिंग चुकत नाही, सकाळी गाड्या लागल्या की बोंब सुरू होते.”

पहिला उपाय अर्थातच बॅटऱ्या बदलण्याचा झाला, दुसरा अँटेना हलवण्याचा. दोन्हींनी फरक पडला नाही. त्यानंतर पुरवठादाराने प्रेषणशक्ती वाढवलेले नोड सुचवले. या टप्प्यावर व्यवस्थापनाने खरेदी थांबवून आधी मोजमाप करून घेण्याचे ठरवले, आणि आमचा सहभाग तेथून सुरू झाला. खरेदी थांबवण्याचा तो निर्णय योग्य होता, कारण समोरचा दंगा शंभर मिलिवॅटच्या वाय-फायचा असेल तर एक-दोन मिलिवॅटच्या नोडने थोडा आवाज चढवून फारसे काही साधत नाही.

मोजमाप आणि त्यातून दिसलेल्या दोन वेगळ्या अडचणी

‘नोंद आली नाही’ ही एकच तक्रार असली तरी ती निर्माण होण्याचे मार्ग अनेक असतात, आणि चॅनल निवडताना त्यांतला फरक कळणे आवश्यक असते. नोड पाठवण्यापूर्वी चॅनल मोकळा आहे का हे ऐकतो. तो व्यग्र आढळला तर थोडे थांबून पुन्हा ऐकतो. नेहमीच्या मांडणीत असे पाच वेळा ऐकूनही चॅनल मोकळा मिळाला नाही, तर पॅकेट न पाठवताच सोडून दिले जाते. दुसऱ्या प्रकारात नोडला चॅनल मोकळा वाटतो, तो पॅकेट पाठवतो, पण गेटवेकडून पोच येत नाही. मग तो आणखी तीन वेळा प्रयत्न करून सोडून देतो. फर्मवेअरमध्ये, म्हणजे नोड चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, या दोन अपयशांसाठी वेगवेगळे गणक आधीपासून होते, फक्त ते कोणी वाचत नव्हते. ते नोंदीसोबत पाठवायला लावले आणि पुढचा आठवडा, माल चालू असताना, ते जमवले.

धक्क्याजवळच्या नोडमध्ये ‘चॅनल मोकळा मिळाला नाही’ हा गणक दिवसा भराभर वाढत होता. प्रीकूलिंगच्या खोल्यांतील नोडमध्ये मात्र तो जवळजवळ शून्य होता आणि ‘पोच आली नाही’ हा वाढत होता. या विसंगतीचे कारण भिंतींत होते. पफ पॅनेलला (भिंतींच्या फोम भरलेल्या उष्णतारोधक तक्त्यांना) दोन्ही बाजूंनी धातूचा पत्रा असतो; त्यामुळे खोलीच्या आत बाहेरचे वाय-फाय इतके क्षीण होऊन पोहोचत होते की नोडला चॅनल मोकळाच वाटत होता. आतला नोड शांतता ऐकून निर्धास्तपणे बोलत होता, आणि त्याचे बोलणे ज्याने ऐकायचे तो गेटवे मात्र भर बाजारात बसला होता.

बाजार कोणाचा, हे शोधायला वेळ लागला नाही. डिसेंबरअखेरीस धक्क्यावर वायरलेस कॅमेरे बसवले होते आणि त्यांचा राउटर ‘ऑटो’वर होता. त्याने वाय-फायचा १३ वा चॅनल घेतला होता. वर सांगितलेला १५-२०-२५-२६ चा ठोकताळा अमेरिकेतील वापरावरून आलेला आहे, जिथे वाय-फाय व्यवहारात ११ व्या चॅनलपर्यंतच असते. आपल्याकडे १२ आणि १३ हे चॅनलही वापरता येतात. १३ चा मध्य २४७२ मेगाहर्ट्झवर पडतो आणि त्याची व्याप्ती साधारण २४६२ ते २४८२, म्हणजे सेन्सरचे २३ ते २६ हे चारही चॅनल त्याखाली येतात. कॅमेऱ्यांचे चित्रण अखंड वाहत असल्याने एका नोडचे चारही प्रयत्न त्याच गर्दीत, काही दशक मिलिसेकंदांच्या आत, संपून जात. रात्री गाड्या नसल्या की हालचाल टिपून चित्रण पाठवणारे हे कॅमेरे गप्प होत. पर्यवेक्षकाचे निरीक्षण तंतोतंत खरे होते.

इथे तपास थांबवून राउटर हलवला असता तर प्रकरण अर्धेच सुटले असते. रात्रीच्या नोंदी बारकाईने पाहिल्यावर दुसऱ्या प्रीकूलिंग खोलीतील दोन नोड रात्रीही पहिल्या प्रयत्नात क्वचितच पोहोचताना आढळले. पुनःप्रयत्नांमुळे नोंद शेवटी येत असे, म्हणून पर्यवेक्षकाला ते दिसण्याचे कारण नव्हते. त्या वेळी चॅनल स्वच्छ होता, पण येणाऱ्या सिग्नलची पातळी फार खालची होती. जाळे तात्पुरते २१ व्या चॅनलवर नेले तर त्यांतला एक नोड उत्तम चालू लागला आणि आजवर कधीही न अडलेला तिसराच एक नोड अडखळू लागला.

हा परावर्तनाचा परिणाम होता. पत्र्याच्या खोलीत एकाच पॅकेटच्या लहरी अनेक वाटांनी पोहोचतात आणि काही ठिकाणी एकमेकींना मारून टाकतात. या पट्ट्यातील तरंगलांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने नोड चार बोटे सरकवला तरी चित्र पालटते, आणि जागा तीच ठेवून वारंवारता बदलली तरी पालटते. सरकता दरवाजा उघडला, पाण्याने भरलेल्या फळांचे पॅलेट आत आले, की पुन्हा नवे चित्र तयार होते. सर्वांसाठी एकच ‘चांगला’ चॅनल शोधणे हे उद्दिष्टच या इमारतीत चुकीचे होते, हे या रात्रीच्या नोंदींनी दाखवले. आमच्या मते संपूर्ण अभ्यासातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच.

ऑक्टोबरच्या स्कॅनबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. तो नियमाप्रमाणेच झाला होता. मात्र त्याची मुदत प्रत्येक चॅनलला सुमारे अर्धा सेकंद होती, म्हणजे सोळा चॅनल मिळून आठ सेकंद. रिकाम्या पॅकहाउसमधील आठ सेकंदांवर चार महिन्यांच्या हंगामाचा निर्णय टेकलेला होता. शिवाय असा स्कॅन मोजतो तो गोंगाट. पॅकेट पोहोचते की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जाळे २६ व्या चॅनलवर हलवण्याचा होता. तो १३ च्या अगदी काठावर असल्याने त्रास कमी झाला असता, पण संपला नसता. २४८० मेगाहर्ट्झ ही ब्लूटूथ लो एनर्जीच्या तीन जाहिरात-वाहिन्यांपैकीही (उपकरणे आपली उपस्थिती जाहीर करतात त्या वाहिन्यांपैकीही) एक आहे. ती पॅकेट छोटी असतात, त्यामुळे तेवढ्यावरून चॅनल बाद करण्याचे कारण नव्हते. पण काही रेडिओ मॉड्यूल पट्ट्याच्या टोकाला असलेल्या या चॅनलवर आपली शक्ती मुद्दाम कमी करतात, आणि येथील नोड त्यांपैकीच होते. परावर्तनाचा प्रश्न तर या पर्यायाने सुटणारच नव्हता.

दुसरा पर्याय वाय-फायला शिस्त लावण्याचा होता: सर्व राउटर १ किंवा ६ वर पक्के करायचे, ‘ऑटो’ बंद करायचे आणि कॅमेरे शक्य तिथे केबलवर न्यायचे. खर्च नगण्य होता. यातली मर्यादा एवढीच की चालकांचे मोबाईल हॉटस्पॉट आणि खरेदीदारांच्या निरीक्षकांची उपकरणे पॅकहाउसच्या ताब्यात नसतात.

तिसरा पर्याय २.४ गिगाहर्ट्झ सोडून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात जाण्याचा. कमी वारंवारतेचा सिग्नल अडथळ्यांतून तुलनेने बरा जातो आणि तेथे वाय-फाय नसते. नव्याने यंत्रणा बसवायची असती तर आम्ही याकडे आधी पाहिले असते. पण सर्व नोड बदलावे लागणार होते, हंगाम चालू होता, आणि पुढच्या वर्षी पॅलेटवर आरएफआयडी (रेडिओने वाचता येणारे ओळख-) टॅग लावून दारांवर रीडर बसवण्याचा बेत होता. ते रीडर भारतात याच पट्ट्यात बोलतात. एका गर्दीतून उठून दुसऱ्या गर्दीत जाऊन बसण्यासारखे ते झाले असते.

चौथा पर्याय चॅनल-हॉपिंगचा. ८०२.१५.४ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या टीएससीएच पद्धतीत वेळेचे छोटे खाचे पाडलेले असतात, नेहमीच्या मांडणीत १० मिलिसेकंदांचे, आणि प्रत्येक खाच्याला ठरलेल्या सूत्राने चॅनल बदलतो. पहिला प्रयत्न वाईट चॅनलवर पडला तरी पुढचा बहुधा दुसऱ्या चॅनलवर पडतो. कारखान्यांत वापरले जाणारे वायरलेसहार्ट हे मानक याच तत्त्वावर चालते. नोडमधील रेडिओला ही पद्धत झेपत होती. फर्मवेअर मात्र नवे लागणार होते आणि प्रत्येक नोडजवळ जाऊन ते भरावे लागणार होते.

निर्णय आणि अंमलबजावणी

दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र निवडला, आणि क्रम जाणीवपूर्वक ठरवला: आधी वाय-फायची शिस्त, मग आठवडाभर मोजमाप, मगच फर्मवेअर. दोन्ही एकाच दिवशी केले असते तर कशाने काय सुधारले हे कळले नसते. राउटर १ आणि ६ वर पक्के केल्यावर दिवसाची मोठी भोके दुसऱ्याच दिवशी बंद झाली. व्यवस्थापनाला तेवढ्यावर थांबण्याचा मोह झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पण रात्रीचे ते दोन नोड तसेच अडखळत होते, आणि दरवाजे सतत उघडमीट होण्याचे खरे दिवस अजून पुढे होते.

हॉपिंगसाठी चॅनलची यादी कोणती घ्यायची, यावर बरीच चर्चा झाली. वाय-फाय १ आणि ६ वर गेल्यावर १५ आणि २० ते २६ असे आठ चॅनल मोकळे राहत होते. यादीत फारच थोडे चॅनल ठेवले तर हॉपिंगचा अर्थ उरत नाही. सगळे सोळा ठेवले तर निम्मे प्रयत्न ठाऊक असलेल्या गर्दीत जातात. शेवटी आठही चॅनल ठेवले.

इथे एक बारीक अंकगणित आडवे आले. पुरवठादाराच्या नमुना फर्मवेअरमध्ये वेळापत्रक दर १०० खाच्यांनी पुन्हा सुरू होत होते. खाच्याचा चालू क्रमांक यादीच्या लांबीने भागून उरलेल्या बाकीवरून चॅनल ठरतो. १०० आणि ८ यांचा सर्वांत मोठा सामाईक विभाजक ४ आहे. त्यामुळे ठरलेल्या खाच्यात बोलणारा नोड आठ चॅनलांपैकी आलटून-पालटून फक्त दोनच वापरतो, आणि ते दोन्ही त्याच्या जागी वाईट निघाले तर तो कायमचा अडकतो. वेळापत्रक १०१ खाच्यांचे केले आणि प्रत्येक नोड आठही चॅनलांवरून फिरू लागला. चाचणीच्या टेबलावर हा दोष कधीच दिसला नसता, कारण तेथे सगळेच चॅनल चांगले असतात.

वेळ जुळवण्याचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. टीएससीएचमध्ये नोड आणि गेटवे यांची घड्याळे साधारण एक मिलिसेकंदाच्या आत जुळलेली असावी लागतात. गेटवे दुपारच्या उन्हातल्या धक्क्यालगत आणि नोड शून्य अंशात. घड्याळाला ठेका देणारा ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांवर अचूक धरला, तर शून्य अंशावर तो दशलक्षामागे सुमारे २१ भागांनी मागे पडतो. म्हणजे निव्वळ थंडीमुळे ५० सेकंदांत एक मिलिसेकंदाचा फरक, आणि नोंद जाते पाच मिनिटांनी एकदा. म्हणून मधल्या काळात वेळ जुळवणारी छोटी पॅकेट ठेवावी लागली. बॅटरीचा खर्च त्याने वाढला, पण दुसरा मार्ग नव्हता.

त्या खर्चाची काही भरपाई पॅकेट लहान करून झाली. जुने फर्मवेअर नोंद वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात पाठवत होते. या रेडिओवर एक बाइट पाठवायला ३२ मायक्रोसेकंद लागतात. पॅकेट जितके लांब तितकी मध्येच टक्कर होण्याची शक्यता अधिक. तापमान आणि आर्द्रता प्रत्येकी दोन बाइटमध्ये बसतात, मग वाक्ये कशाला पाठवायची?

चॅनलची यादी आपोआप बदलू द्यावी का, यावर नकार ठरला. यादी बदलल्याचा निरोप झोपलेल्या नोडपर्यंत पोहोचला नाही तर तो जुन्या यादीने उड्या मारत राहतो आणि जाळ्याबाहेर पडतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा प्रत्येक नोड आणि प्रत्येक चॅनल यांचा यशस्वी पोचेचा तक्ता माणसाने पाहायचा आणि गरज असेल तरच बदल करायचा, असे ठरले.

परिणाम

हंगामाच्या उत्तरार्धात अर्ध्या तासाची भोके पुन्हा दिसली नाहीत. एखादी सुटी नोंद अधूनमधून हुकत राहिली, पण दोन शेजारच्या नोंदींमधले अंतर खरेदीदाराच्या मर्यादेत राहिले. दुसऱ्या खोलीतील ते दोन नोड कुठल्याच चॅनलवर नेहमी उत्तम चालले नाहीत. तरीही त्यांची नोंद दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नात येत राहिली.

एक नवी अडचण मात्र निर्माण झाली. वीज गेली आणि गेटवे बंद पडून पुन्हा सुरू झाला की सर्व नोडची वेळ तुटे. नव्याने सामील होणारा नोड एका चॅनलवर ऐकत बसतो आणि गेटवेची हाक आठ चॅनलांवरून फिरत असते, त्यामुळे गाठ पडायला वेळ लागतो. जुन्या एक-चॅनल जाळ्यात हेच काम लगेच होत असे. ग्रामीण भागातील वीजपुरवठा पाहता हे आधीच गृहीत धरायला हवे होते. गेटवेला स्वतंत्र यूपीएस दिला आणि त्याला हाक अधिक वेळा द्यायला लावली, तेव्हा हा त्रास आटोक्यात आला.

काय वेगळे करता आले असते

चॅनलची चाचणी रिकाम्या इमारतीत घेणे टाळता आले नसते, कारण यंत्रणा हंगामापूर्वीच बसवावी लागते. पण माल सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ती पुन्हा घेण्याची अट पुरवठ्याच्या करारात घालता आली असती. ती चाचणीही गोंगाट मोजणारी न ठेवता, प्रत्येक नोडवरून प्रत्येक चॅनलवर ठरावीक पॅकेट पाठवून किती पोहोचली हे गेटवेवर मोजणारी असायला हवी होती.

कॅमेरे बसवणाऱ्याला सेन्सर जाळ्याची कल्पना नव्हती आणि सेन्सरवाल्याला कॅमेऱ्यांची. आवारात कोण कुठल्या वारंवारतेवर बोलते, याची एका पानाची नोंद कार्यालयात असती तर १३ वा चॅनल डिसेंबरातच लक्षात आला असता. ती नोंद आता ठेवली जाते.

नोडमध्ये मागील काही तासांच्या नोंदी साठवण्याइतकी स्मृती होती, पण फर्मवेअर ती वापरत नव्हते. न पोहोचलेली नोंद साठवून नंतर पाठवली असती तर खरेदीदाराला दाखवायच्या नोंदीत खंड पडलाच नसता. यामुळे तत्काळ इशारा मिळण्याची गरज भागत नाही, परंतु हंगामाच्या मध्यावर आलेला दबाव पुष्कळ कमी झाला असता.

शेवटचा मुद्दा वायरलेसच्या निवडीचाच आहे. बाष्पित्रांजवळचे (खोली थंड करणाऱ्या युनिटांजवळचे) आणि दारांवरचे सेन्सर कधीच हलत नाहीत आणि त्यांच्या शेजारून वीजवाहिन्या आधीच गेलेल्या आहेत. तेथे आरएस-४८५ ची केबल ओढली असती तर त्या नोंदींना चॅनलचा प्रश्नच उरला नसता. वायरलेसची खरी गरज होती ती पॅलेटसोबत फिरणाऱ्या आणि पेटीत खुपसायच्या सेन्सरना. पुढच्या हंगामापूर्वी स्थिर सेन्सर केबलवर नेण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने मंजूर केला आहे. पफ पॅनेलला भोक पाडल्याने तेथून थंडी गळू नये यासाठी केबलचे प्रवेश एकाच जागी घेऊन ते फोमने बंद करण्याचे ठरले आहे.